यंदा स्टीलहेड मासे भरपूर चढतायत म्हणतात, मग माझ्या गळाला एकही का लागत नाही?

तुम्ही लिहिलंय की ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला येऊन वर्ष झालं, लागोपाठ दोन शनिवार विल्सन नदीवर घालवले, गळाच्या दुकानापासून ऑफिसपर्यंत सगळे "यंदा चढण जोरात आहे" म्हणतायत, आणि तुम्हाला साधा झटकाही लागला नाही. दोन्ही वेळा नदी दुधाच्या चहासारखी दिसत होती, हेही तुम्हीच लिहिलंय. उत्तर त्या चहात आहे. मासे नदीत होतेच. तुम्ही पाणी चढत असताना गेलात. जायचं असतं ते पाणी उतरायला लागल्यावर.

मी रायगडचा, सावित्रीच्या खोऱ्यातला. आमच्याकडे जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला आणि वहाळ फुगले की नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, पार भातखाचरांपर्यंत येतात. आम्ही त्याला वलगण म्हणतो, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे चढणीचे मासे म्हणतात. माझा काका पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन निघायचा, पण पाऊस कोसळत असताना कधीच नाही. वहाळाच्या काठाला एक काठी रोवून यायचा. काठीवरची ओली खूण पाण्याच्या वर बोटभर दिसली की म्हणायचा, "आता चला." ओरेगॉनमधले माझे पहिले दोन हिवाळे कोरडे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मला ती काठी आठवली.

आधी माशाबद्दल थोडं, म्हणजे पुढचं पटेल. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, फक्त समुद्र बघून आलेला. पिल्लू साधारण एक ते तीन वर्षं नदीत वाढतं, मग पॅसिफिकमध्ये जातं, तिथे खाऊन-पिऊन तीन-चार किलोचं, कधी त्याहून बरंच मोठं होतं आणि जन्माच्या नदीत परत येतं. उन्हाळी चढणीचे मासे नदीत शिरतात तेव्हा अंड्याला आलेले नसतात, ते जवळजवळ वर्षभर गोड्या पाण्यात थांबतात. विल्सनवर तुम्ही ज्यांच्या मागे आहात ते हिवाळी चढणीचे. नोव्हेंबर ते एप्रिल येतात, पोटात तयार गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन येतात, त्यामुळे त्यांना घाई असते.

किनाऱ्याच्या या नद्या आखूड आहेत आणि पावसावरच जगतात. डोंगरात पाऊस झाला की काही तासांत फुगतात, थांबला की दोन-तीन दिवसांत उतरतात. मासे खाली टिलामुकच्या खाडीत फुगवट्याची वाट बघत थांबतात आणि पाणी वाढलं की टोळीने आत शिरतात. म्हणून "चढण जोरात आहे" याचा अर्थ रोज सकाळी नदी माशांनी भरलेली असते असा घेऊ नका. त्या लाटा असतात. पाणी वाढत असताना लाट पुढे सरकत राहते, आणि गढुळात तिला तुमचं आमिष दिसतही नाही. पाणी उतरायला लागलं की मासे जागोजागी विसाव्याला थांबतात आणि त्याच वेळी पाणी निवळायला लागतं. त्या दीड-दोन दिवसांसाठी आम्ही सगळे आठवडाभर वाट बघतो.

काठीचं काम इथे सरकारी मापक करतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा विल्सनवर टिलामुकजवळ पाणमापक आहे, त्याचा आलेख कुणालाही फुकट बघता येतो. नुसता आकडा बघू नका, रेघेचा उतार बघा. पाच फुटांच्या आसपास आलेली आणि अजून उतरणारी विल्सन मला सगळ्यात आवडते. तोच आकडा चढत्या रेघेवर असेल तर मी घरी राहतो. आणि एकाच नदीला चिकटून राहू नका. मोठ्या पावसानंतर किलचिस सगळ्यात आधी निवळते, मग विल्सन आणि ट्रास्क, आणि नेहालेमला सगळ्यात जास्त दिवस लागतात. शनिवारी विल्सन गढूळ असेल तेव्हा शेजारची किलचिस अनेकदा तयार असते.

काठावर पोचल्यावर रंग बघा. जुन्या जाड काचेच्या बरणीसारखा हिरवट रंग हवा. गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटाचं टोक अंधुक दिसलं तर दिवस चांगला. बूट दिसतच नसेल तर मोठं आणि भडक आमिष घेऊन अगदी काठालगत बघा. बुटाची नाडी मोजता येत असेल तर उलटं करा, आमिष छोटं, दोर बारीक, आणि मासा शोधायचा तो खोल किंवा खळखळत्या पाण्यात, कारण स्वच्छ पाण्यात तो लपतो.

आता मासा कुठे असतो. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मी कमरेपर्यंत पाण्यात जाऊन नदीच्या मध्यावर टाकत होतो. माझ्या खाली चाळीस पावलांवर एक वयस्कर गृहस्थ घोट्याएवढ्या पाण्यातही उतरले नव्हते. रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरावरचा तरंगता बुडबुडा, सोडत होते, आणि तासाभरात त्यांनी दोन मासे आणले. निघताना ते माझ्याजवळ थांबले आणि शांतपणे म्हणाले, "तू माशांच्या वाटेतच उभा आहेस." त्या एका वाक्याने मला दोन वर्षांत शिकलो नव्हतो तेवढं शिकवलं. भरल्या नदीत मधली धार अंगावर घेऊन चढणं माशाला परवडत नाही. तो काठाच्या संथ पाण्यातून, माणसाच्या चालीच्या वेगाने वाहणाऱ्या पट्ट्यातून वर येतो. जिथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासून वाहतं आणि पृष्ठभागावर एक रेघ उमटते, ती रेघ आधी विंचरा. मग डोहाचं शेपूट, म्हणजे डोह संपून पाणी उथळ होत पुढच्या खळाळात पडतं ती जागा. खालचा खळाळ चढून दमलेला मासा पहिला श्वास तिथेच घेतो. तिथे पाणी कंबरभर असलं तरी पुरे, पण ते सपाट आणि निरुपयोगी दिसतं, म्हणून नवखी माणसं ते ओलांडून पुढे जातात.

सामानावर फार वेळ घालवू नका. नऊ फुटांच्या आसपासचा मध्यम ताकदीचा रॉड, बरा ड्रॅग (दोर सुटताना लागणारा ब्रेक) असलेलं रील, दहा-बारा पौंड ताण सोसणारा लीडर (गळाजवळचा दोर), फ्लोट आणि गुलाबी किंवा नारिंगी जिग (वजन लावलेला सजवलेला गळ) एवढ्यावर पहिला मासा मिळतो. गढुळात गाभोळीचं आमिष उत्तम. इथले लोक सामनची गाभोळी मीठ-साखर लावून मुरवतात आणि सुपारीएवढा तुकडा गळाला बांधतात. आपण जी तव्यावर परततो ती गळाला लावताना मला पहिल्यांदा हात अडखळला होता, पण वासाने मासा येतो हे खरं आहे.

महत्त्वाचं आहे ते आमिष वाहतं कसं. तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहतं. फ्लोट मोकळा सोडला तर वरचं पाणी त्याला ओढून नेतं आणि आमिष माशाच्या डोळ्यासमोरून पळून जातं. म्हणून फ्लोटला हलकंसं धरून ठेवायचं, पाण्यावरच्या फेसापेक्षा तो जरा मागे राहिला पाहिजे. आमिष तळापासून वीतभर वर. पाणी चार-पाच अंश सेल्सियसपर्यंत थंड असेल तर मासा हातभरसुद्धा सरकत नाही, आमिष त्याच्या नाकासमोरून न्यावं लागतं. म्हणून एकाच रेघेवर पाच-सहा वेळा टाका, मग हातभर पुढची रेघ, मग दोन पावलं खाली. माझा पहिला स्टीलहेड अशाच अकराव्या की बाराव्या खेपेला लागला, जिथे आधीच्या सगळ्या खेपा रिकाम्या गेल्या होत्या. फ्लोट बुडाला नाही, नुसता थबकला, जणू दगडाला लागला. मी रॉड उचलला आणि तो दगड नदी ओलांडून निघाला.

पुढचा भाग मला मनापासून सांगायचाय. मासा जवळ आला की आधी त्याची पाठ बघा. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्यामध्ये एक छोटा, मऊ, मांसल पर असतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो पर लहानपणीच कापलेला असतो, तिथे भरलेल्या जखमेचा गुळगुळीत व्रण दिसतो. व्रण असेल तर मासा तुमचा, घरी न्या. पर शाबूत असेल तर मासा रानातला, आणि विल्सनवर तो सोडायचाच असतो.

सोडायचा म्हणजे नीट सोडायचा. माझ्या चौथ्या हिवाळ्यात एक मोठी मादी लागली, पर शाबूत, अंगावर समुद्राची चांदी तशीच. मी तिला फोटोसाठी वर उचललं. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा, मग मित्राने बाजू बदलायला सांगितली म्हणून तिसरा. पाण्यात ठेवली तेव्हा ती आडवी झाली. मी वीस मिनिटं तिला दोन्ही हातांनी प्रवाहाकडे तोंड करून धरून बसलो. शेवटी ती गेली, पण शेपूट मारून गेली नाही, वाहत गेली. पोटात गाभोळी होती. ती वाचली असेल असं मला वाटत नाही. तेव्हापासून रानातला मासा मी पाण्याबाहेर काढत नाही. रबरी जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढायचा, जाळी कलंडवायची, झालं. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात तर सोडायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलायला नियमानेच मनाई आहे.

चढण जोरात असली की "एवढे आहेत, एकाने काय होतं" असं वाटतं. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात माशांसाठी पायऱ्या आहेत आणि काचेच्या खिडकीतून जाणारे मासे १९३८ पासून मोजले जातात. २००१ साली तिथून सहा लाखांहून जास्त स्टीलहेड चढले. २०२१ साली मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी आकडा आला आणि डेशूटससारख्या नावाजलेल्या नदीवर स्टीलहेडची मासेमारी बंद करावी लागली. मध्ये फक्त वीस वर्षं. आमच्या गावात वलगणीला गाभोळीवाले मासे टोपलीने धरले, मीही धरले, आणि आता म्हातारी माणसं सांगतात की वहाळ फुगतो पण वर काही येत नाही. शिवाय स्टीलहेड पॅसिफिक सामनसारखा अंडी घालून मरतोच असं नाही. काही मासे समुद्रात परत जातात आणि पुन्हा येतात. मार्च-एप्रिलमध्ये काळपट, पोट खपाटीला गेलेला मासा लागला तर तो असा परतीच्या वाटेवरचा आहे, त्याला लगेच जाऊ द्या. त्याच दिवसांत उथळ पाण्यात गोट्यांचा एखादा स्वच्छ, उजळ लंबगोल पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नका. मादीने शेपटीने खोदून तिथे अंडी पुरलेली असतात.

परवान्याचं थोडक्यात: ओरेगॉनचा मासेमारी परवाना आणि त्यासोबत सामन-स्टीलहेडसाठीचा टॅग दोन्ही लागतात, ठेवलेला मासा त्यावर लगेच नोंदवायचा. सँडी किंवा क्लॅकमससारख्या कोलंबिया खोऱ्यातल्या नद्यांसाठी परवान्याला वेगळी पुरवणी (एंडोर्समेंट) लागते. त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच निघा, नद्या मध्येच बंदही होतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, आठ वर्षांच्या मुलीला नेऊ का. जरूर न्या, पण विल्सनऐवजी पहिल्यांदा सँडीवर, ऑक्सबोच्या उद्यानात. पोर्टलंडहून जवळ आहे, गोट्यांचा रुंद काठ आहे. २००७ साली वरचं मार्मट धरण फोडल्यापासून हूड पर्वतापासून कोलंबियापर्यंत या नदीला आडवं धरण उरलेलं नाही. मुलीला लाइफ जॅकेट काठावरसुद्धा घालून ठेवा, स्वतः वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातलात तर कमरेचा पट्टा आवळून, आणि गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. मासे काठालाच आहेत. पोचल्या पोचल्या तिला पाण्याच्या कडेला एक काठी रोवायला सांगा. तासाभराने तिने येऊन सांगितलं की ओली खूण पाण्याच्या वर दिसतेय, की डबा बाजूला ठेवा आणि डोहाच्या शेपटाकडे चला.