सभासद किती, मैदानात किती?

प्रश्न : काका, जर्मनीतल्या बायर्न म्युनिक फुटबॉल क्लबचे सभासद लाखांत मोजतात. आमच्या कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाची वर्गणीची पावती फाडणारे मोजकेच, तरी शाहू स्टेडियम भरतं. असं कसं?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : बाळा, हे दोन आकडे एका तागडीत घालू नकोस. बायर्नचे सभासद ३ लाखांहून जास्त, मैदान ७५ हजारांचं. सगळे आले तर मावणारच नाहीत! तिथं सभासद म्हणजे मतदार. जर्मनीत नियमच आहे, क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडं राहावीत. स्पेनच्या बार्सिलोना क्लबात तर सभासदाला ज्येष्ठतेनुसार क्रमांक. पुढचे गळाले की मागच्याचा नंबर वर सरकतो.

आपल्याकडं पेठेत जन्मला तो तालमीचा. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले, की माणूस दुकानाचं शटर ओढून गॅलरी गाठतो. मांडीवर नातू, हातात भडंगाची पुडी, आणि ऑफसाइडवरून शेजाऱ्याशी कडाक्याचं भांडण. एवढा जीव लावणाऱ्याचं नाव कुठल्या वहीत नसतं, हे मला फार लागतं. तालीमवाल्यांनो, वर्गणी थोडीच ठेवा, पण त्याला सभेत बोलू द्या. आणि बाळा, तू हंगामाआधी तालमीत जा आणि सभासदाचा अर्ज माग.