घोडीच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, म्हणजे गोचीडताप गेला की अंगातच राहिला?

यवतमाळकडील आपल्या वरातीच्या घोडीला गेल्या पावसाळ्यात गोचीडताप आला, आता ती धडधाकट आहे, तरी तपासणीत थायलेरिया इक्वी या गोचीडतापाच्या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे (शरीराने बनवलेली लढाऊ प्रथिने) आढळली. तेव्हा रोग गेला की आहे, असे आपण विचारले आहे. बहुधा तो आहे, आणि प्रतिकारशक्तीही आहे.

गोचिडीच्या लाळेतून शिरलेला हा परजीवी आधी काही पांढऱ्या पेशींत वाढतो आणि मग तांबड्या पेशींत उतरून एकाचे चार होतो. रंगवलेल्या काचपट्टीवर हे चार तुकडे फुलीसारखे जुळलेले दिसतात. शरीर त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, टी-पेशी या लढाऊ पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि प्लीहा बाधित पेशी गाळून काढते. यांपैकी एकट्यादुकट्याने काम भागत नाही. अरबी जातीच्या काही शिंगरांत जन्मतःच टी पेशींची आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींची फळी नसते. त्यांची प्लीहा शाबूत असूनही हा संसर्ग त्यांना आवरत नाही. उलट, सर्व पेशी असलेल्या वाहक घोड्याची (ज्याच्या अंगात परजीवी दबून आहे) प्लीहा काढली, तर दबलेला रोग उसळून येतो. थोडक्यात, घोडीचे शरीर परजीवीला दाबून ठेवते, हुसकावून लावत नाही, आणि हे बहुधा जन्मभर चालते. याचाच भाऊबंद बाबेसिया कॅबॅली मात्र पुष्कळदा काही वर्षांत आपोआप निघून जातो.

मी वर्धा जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. सुरुवातीच्या काळात मीही एका मालकाला ‘प्रतिपिंडे आहेत, आता निर्धास्त राहा’ असे सांगून बसलो होतो. वैशाखातल्या लग्नसराईत रोज दोन-दोन वराती करून ती घोडी खंगली आणि पुन्हा तापली. खालची पापणी ओढली तेव्हा आतला भाग पिवळट, फिका होता आणि लघवी कोऱ्या चहासारखी. अतिश्रमाने प्रतिकारशक्तीची पकड ढिली झाली असावी, असे माझे मत आहे.

या रोगावर लस नाही. इमिडोकार्ब या औषधाने ताप उतरतो, परंतु परजीवी समूळ जाईलच असे नाही, शिवाय त्याने पोटशूळ उठू शकतो. म्हणून धडधाकट घोडीला ते केवळ अहवाल पाहून टोचू नये. परजीवी आजही रक्तात आहे का, हे पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी) तपासणी अधिक नेमके सांगते. वाहक घोडीच्या काचपट्टीत तो सहसा दिसत नाही. तिला टोचलेली सुई दुसऱ्या घोड्याला वापरू नका, आणि ती गाभण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण हा परजीवी वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो.