मुलगी बारमध्ये जेवायला नेतेय, मी काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्यात सहकारनगरला राहते, वय ५६. लेकीला पहिला जॉब लागलाय, २४ वर्षांची आहे, आणि पहिल्या पगारातून ती मला आणि ह्यांना जेवायला नेणार आहे, पण कुठे तर बाणेरला तिच्या ऑफिसजवळच्या एका छोट्याशा कॉकटेल बारमध्ये! म्हणते आई तिथला बर्गर एकदा खाऊन तर बघ. मी अंडंसुद्धा खात नाही, दारूला कधी हात लावलेला नाही. हे चिकन-मटण खातात, कधीमधी एखादा पेग घेतात. मी तिथे बसून करायचं काय? आणि बिल मुलीने भरायचं हे ह्यांना अजिबात पटत नाहीये. नाही म्हणावं तर तिचा चेहरा उतरतो.

उत्तर : ताई, जा. नक्की जा. आपल्या वयाच्या बायकांना बार म्हटलं की काळ्या काचांची परमिट रूम आठवते, जिच्यासमोरून आपण पदर सावरून भराभर पुढे जायचो, पण लेक म्हणतेय तसल्या गल्लीतल्या जागा वेगळ्या असतात, सात-आठ टेबलं, पिवळा उजेड, एकमेकांचं बोलणं ऐकू येईल इतपतच गाणी, आणि ऑफिस सुटल्यावर रोज येणारी तीच ती माणसं. तिला तुम्हाला दारू दाखवायची नाहीये हो, ती रोज कुठे बसते, कुणाशी हसते-बोलते ते दाखवायचंय. फक्त शनिवारी जाऊ नका, मंगळवार-बुधवारी साडेसातला जा, तेव्हा वाढणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

कारण बोलावं लागणार आहे. ‘व्हेज बर्गर’ एवढं सांगून भागत नाही, कारण अंडं भलतीकडेच लपलेलं असतं. चांगल्या बर्गरचा तो मऊ चकचकीत पाव बहुतेक वेळा ब्रिओश असतो, त्यात लोणी आणि अंडं दोन्ही पडतं आणि वरची चकाकीसुद्धा अंड्याचा हात फिरवल्याने येते. म्हणून बसल्या बसल्या विचारा, बिनअंड्याचा पाव आहे का, मेयोनीज एगलेस आहे का, आणि फ्राइज चिकनच्याच तेलात तळता का. लाजू नका, रोज कोणी ना कोणी विचारतंच.

पिण्याचंही तसंच. व्हिस्की सावर नावाच्या कॉकटेलवर जो पांढरा फेस दिसतो तो बऱ्याचदा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फ घालून खडखडा हलवतात तेव्हा तो तसा दाट बसतो. ब्लडी मेरी या टोमॅटोच्या रसाच्या कॉकटेलमध्ये वूस्टर सॉस असतो आणि मूळ पद्धतीच्या सॉसमध्ये मासे असतात. तुम्ही बिनदारूचं मॉकटेलच घ्याल, पण त्यातही काही जण चवीला बिटर्सचे, म्हणजे कडसर अर्काचे, दोन-चार थेंब टाकतात आणि बिटर्समध्ये अल्कोहोल असतं, म्हणून ‘बिटर्स नको’ असं आधीच सांगा. आणि जमलं तर काउंटरजवळ बसा. संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासवर धरून पिळला की तेलाचा बारीक फवारा उडतो आणि वास थेट आपल्या नाकापर्यंत येतो, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा प्यायचं सोडून तेच बघत बसले होते.

ह्यांच्यासाठी स्मॅश बर्गर असेल तर तोच मागवा. खिम्याचा गोळा तापलेल्या तव्यावर दाबून पातळ करतात, कडा जाळीदार कुरकुरीत होतात, खरी चव त्या करपल्यासारख्या कडेतच. मेनूत ‘बफ’ लिहिलं असेल तर ते म्हशीचं, २०१५च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि म्हैस त्यात येत नाही. नको असेल तर चिकन सांगा. आणि बर्गर आला की लगेच खा, फोटोत वेळ घालवू नका, पाव ओला होतो.

एक मात्र स्पष्ट सांगते, लेक २४ची आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात बियर आणि वाइनला २१ लागतात, पण जिन, रम, व्हिस्कीला २५, म्हणजे तिचं पहिलं कॉकटेल अजून वर्षभर लांब आहे. तिला तिथे सगळ्यांसमोर नका बोलू, घरून निघायच्या आधीच सांगा. ह्यांनी एक जरी पेग घेतला तरी गाडी घरीच ठेवा, कॅब करा. रक्तात अल्कोहोल १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

राहिलं बिल. जेवणावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट असं वेगवेगळं दिसेल, गोंधळू नका. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नसतो, काढायला सांगता येतो. पण ते लेकीला बघू दे. तिने हा पहिला पगार महिनाभर घासून कमावलाय, ह्यांना म्हणावं पाकीट कपाटातच ठेवा आणि ती पैसे भरत असताना खिशाकडे हातसुद्धा नेऊ नका.