वाचक विचारतात : ग्रिप आहे की अजून, मग टायर कशाला बदलू?

प्रश्न : माझी हॅचबॅक 2018 ची, रनिंग फक्त 27 हजार, टायर गाडीसोबत आलेलेच, 185/65 आर 15. ग्रिप मस्त आहे अजून. मे महिन्यात फॅमिलीला घेऊन समृद्धीने नागपूरला जायचंय. मित्र म्हणतो उन्हात हवा फुगते, 5 पॉइंट कमीच ठेव. टायरवाला म्हणतो नायट्रोजन भरा आणि 205 चे टायर टाका. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मित्राचं तर अजिबात ऐकू नका. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) वाकते नि सरळ होते, आणि त्यानेच तो आतून तापतो. त्यात मे महिन्यातला रस्ता, चार माणसं, डिकीत बॅगा आणि तासन्‌तास एकसारखा स्पीड, म्हणजे ज्या भीतीने हवा कमी करताय तेच ओढवून घ्याल. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसेल, त्यात फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तेवढी भरा. टायरवर कोरलेला मॅक्सिमम प्रेशरचा आकडा यासाठी नसतो, बरेच जण तिथेच गंडतात. हवा सकाळी गाडी थंड असतानाच बघायची. वाटेत पंपावर चेक केली की 4-5 पॉइंट जास्त दिसणारच, ती काढायची नाही.

आता तुमच्या टायरचं वय. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, मोबाइलचा टॉर्च घेऊन वाकावं लागेल. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतच असतं (उन्हात पार्किंग असेल तर जरा लवकरच). बऱ्याच कार कंपन्या 6 वर्षांनी बदला म्हणतात, तुमचे ते कधीच ओलांडून गेलेत. कायद्याने ग्रिपची खोली 1.6 मिमी लागते, ती तुमची असेलही, पण साइडवॉलवर बारीक भेगा दिसतायत का बघा. मी तर भेगा नसत्या तरी या टायरवर समृद्धीला गेलो नसतो, चारही बदलूनच जा.

205 कशाला? हा आकडा रुंदीचा, मिमीत, आणि पुढचा 65 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते. तो तसाच ठेवलात तर चाकाची उंची अडीच सेंटीमीटरने वाढते, काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी 104 ला असेल, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आत घासायचीही शक्यता. साइज आहे तोच घ्या. मात्र पुढचं 88एच वगैरे जे लिहिलंय ते बघून घ्या, 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो आणि एच म्हणजे 210 चा स्पीड, यापेक्षा कमीचा माथी मारून घेऊ नका. नवीन टायरचा आठवडाही दुकानातच वाचा, दोन वर्षं पडून असलेला माल 'नवीन' म्हणून देतात.

नायट्रोजन फुकट मिळाला तर भरा, साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

आणि स्टेपनी! तीही 2018 चीच असणार. बारीक चाकाची असेल तर 80 च्या वर न्यायची नाही, आणि हवा भरताना तिला विसरू नका.