चौथीतल्या मुलाला वाचता येत नाही, शाळा बदलू का?

महापालिका शाळांमधल्या पालकांशी बोलताना हा प्रश्न सतत येतो. मॅडम, दरवर्षी वरच्या वर्गात जातोय पण वाचता काही येत नाही, शाळा बदलू का? आणि शाळा बदलू म्हणजे बहुतेक वेळा इंग्लिश मीडियममध्ये टाकू का.

अशीच एक आई आली होती, मुलगा चौथीत, मराठी मीडियम. वह्या घेऊनच आली. अक्षर अगदी मोत्यासारखं, सगळं पूर्ण, लाल पेनाने बरोबरच्या खुणा. मी त्याला म्हटलं तूच लिहिलंयस ना, मग वाचून दाखव बघू. पहिली दोन वाक्यं घडाघडा म्हटली. मग मी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं, आणि तिथे तो अडला. 'सूर्य'चं 'सूर... सूरय' करत आईकडे बघायला लागला. म्हणजे फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत होता आणि धडे ऐकून ऐकून पाठ झाले होते. हुशार मुलगाच हं, इतकं पाठ करणं काय सोपं असतं का!

मग 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्व्हेत, म्हणजे मुलांना वाचता येतं का हे बघणाऱ्या पाहणीत, करतात तसं केलं, आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या लेव्हलचा उतारा, मग दुसरीची गोष्ट. शब्दांपर्यंत आला, जोडाक्षर किंवा रफार दिसला की गप्प.

आई म्हणाली, ताई, क्लास पण लावलाय हो. क्लासमध्ये काय करतात तर चौथीची प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसे जातात, संध्याकाळ जाते आणि पोरगं आहे तिथेच राहतं.

शाळा बदलू नका असं मी स्पष्ट सांगितलं. मातृभाषेत अडतोय त्याला नवीन भाषेत नेऊन बसवलं की दोन्हीकडून अडचण. त्याऐवजी वर्गशिक्षकांना भेटा आणि नुसतं 'लक्ष द्या' म्हणू नका, जोडाक्षरांवर अडतो असं नेमकं सांगा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 24 मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल तसं जादा शिकवणं हे शिक्षकाचंच कर्तव्य म्हटलंय, त्यामुळे मागायला संकोच नको. बाईंवर निवडणुकीची कामंही असतात हे मला माहितीये, म्हणून भांडून नाही, गोडीने. नाहीच झालं तर शाळा व्यवस्थापन समितीत बोला, तिथे 75 टक्के सदस्य पालकच असतात.

घाई यासाठी, की महाराष्ट्रात 2023 च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात नापास आणि फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं.

क्लास त्यांनी बंद केला. रोज थोडा वेळ दुसरीचं पुस्तक, मोठ्याने, बोट ठेवून, आणि चुकला तर ओरडायचं नाही, शब्द आपण वाचून दाखवायचा आणि पुढे जायचं. दिवाळीनंतर भेटला तेव्हा छोटी गोष्ट वाचली, हळूहळू, पण स्वतः वाचली. चौथीचं पुस्तक अजून जड जातं त्याला.

तुमच्याकडे दोन-तीन महिने रोज असं करूनही काहीच हललं नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग अध्ययन अक्षमतेची (म्हणजे हुशार असूनही वाचण्या-लिहिण्यात अडचण येण्याची) टेस्ट करायला सरकारी हॉस्पिटलमध्ये विचारा, पाचवीची वाट बघू नका.