नवी ऑटोमॅटिक गाडी गचके देतेय? आधी जॉब कार्ड नीट लिहून घ्या

तुमची अडचण थोडक्यात अशी: सहा महिन्यांपूर्वी घेतलेली ड्युअल क्लच (दोन क्लचच्या मदतीने आपोआप गिअर बदलणारी) ऑटोमॅटिक गाडी नाशिकच्या रहदारीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरते. कसारा घाटात एकदा तर गिअरच पडेना. सर्व्हिस सेंटर मात्र दर वेळी 'सॉफ्टवेअर अपडेट केलंय, या गाड्यांना एवढं असतंच' म्हणत गाडी परत देतं. आता तुम्हाला गाडीच बदलून हवी आहे. मी डीलरकडे वॉरंटीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून काउंटरच्या पलीकडे काय चालतं ते आधी सांगतो.

तुमच्यासमोर बसलेल्या सर्व्हिस अॅडव्हायजरला गिअरबॉक्स बदलायचा अधिकार नसतो. वॉरंटीत केलेल्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात. क्लच, गिअरबॉक्स, त्याचं कंट्रोल युनिट अशा महागड्या भागांना सहसा कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. ती मंजुरी फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड), टेस्ट ड्राइव्हचा अहवाल आणि जुनी जॉब कार्डं (गाडी सर्व्हिसला देताना तक्रार नोंदवायचे कागद) पाहून दिली जाते. तुमच्या जॉब कार्डांवर 'गिअर चेक करणे' एवढंच लिहिलेलं असेल, तर कंपनीच्या लेखी तुमच्या गाडीला काही झालेलंच नाही. अॅडव्हायजरवर आवाज चढवून काही हाती लागत नाही. त्याला वर पाठवता येईल असा कागद त्याच्या हातात द्या.

म्हणून पुढच्या वेळी तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. उदाहरणार्थ: 'गाडी थंड असताना त्रास नाही. अर्धा तास रहदारीत चालल्यावर ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाला पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर आणि गचका.' तापण्याचा उल्लेख मुद्दाम करा. तुमच्या गाडीत ड्राय क्लच असेल, तर तो तेलात बुडालेला नसतो, हवेवरच थंड होतो. रांगत्या रहदारीत तो सतत अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. सकाळी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणलेली गाडी शहाण्यासारखी चालली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वर्क्स मॅनेजरला शेजारी बसवा, गाडी तापेपर्यंत गर्दीत चालवा आणि त्याला जाणवलं ते जॉब कार्डावर लिहून घ्या. शेजारच्या माणसाला व्हिडिओ काढायला सांगा. त्यात स्पीडोमीटर आणि गिअरचा आकडा दिसायला हवा.

सॉफ्टवेअर बदललं असेल तर आधीचं आणि नंतरचं व्हर्जन लिहून मागा. फॉल्ट कोड पुसण्याआधी त्यांची प्रिंट घ्या. एकदा पुसले की पुरावा गेला. काम फुकट झालं असलं तरी शून्य रकमेचं बिल मागा. गाडी किती दिवस त्यांच्याकडे पडून होती, हे त्यावरूनच कळतं.

एक फरक इथेच सांगायला हवा. गाडी एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक) असती, तर गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटणं आणि मान पुढे झुकणं हा त्या रचनेचा स्वभाव आहे, हे मी मान्य केलं असतं. ड्युअल क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे तिथे गचके बसणं स्वाभाविक नाही. आणि घाटात गिअर न पडणं हा तर कुठल्याच गाडीचा स्वभाव नसतो.

'तुमची चालवण्याची पद्धत चुकते' हे उत्तर मिळालं, तर ऑस्ट्रेलियातलं उदाहरण लक्षात ठेवा. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या थरथरीचं खापर तिथे ग्राहकांच्या चालवण्यावर फोडलं गेलं. तक्रारी अशा हाताळल्याबद्दल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. तुमच्या बाबतीतही हे उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

आता गाडी बदलून मिळण्याबद्दल. अमेरिकेतल्या 'लेमन लॉ'सारखा, ठरावीक दुरुस्त्या फसल्यावर गाडी परत घ्यायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात गाडीचा क्लच सदोष होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवून सदोष भाग बदलून द्यायला आणि त्रासापोटी ५०,००० रुपये द्यायला सांगितलं, नवी गाडी नाही. उलट फियाटच्या एका प्रकरणात २०१० मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की स्वतंत्र तज्ज्ञाला मूळचा उत्पादनदोष आढळला तर किंमत व्याजासह परत करा. म्हणून माझं मत असं की आधी क्लच आणि गिअरबॉक्स बदलून मागा. तोही फसला की पैसे परत मागण्याला खरा जोर येतो. पहिल्याच पत्रात 'नवी गाडीच द्या' लिहिलं की पत्र कंपनीच्या कायदा विभागाकडे जातं आणि तांत्रिक माणसं गप्प होतात.

कंपनीच्या कस्टमर केअरला चॅसिस नंबरसह ईमेल करा, जॉब कार्डांच्या प्रती जोडा आणि विभागीय तांत्रिक अधिकाऱ्याकडून तपासणी मागा. उत्तराला १५ दिवसांची मुदत द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. तरी हाललं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या नियमांनुसार, गाडीसाठी तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे आणि तक्रार ऑनलाइन करता येते. डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिपक्ष करा. तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज सुरुवातीलाच द्या, कारण दोष सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो. आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. 'पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल' ऐकत ती घालवलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं.

तोवर ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा आणि बाहेरून रीमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार) किंवा इलेक्ट्रिकल जोडणी करू नका. वाटेत पुन्हा गिअर पडला नाही तर गाडी रेटत नेऊ नका. कंपनीची टोइंग बोलवा. सुरक्षितही तेच, आणि टोइंगची पावती पुरावा म्हणून लागते. चिडून कर्जाचे हप्ते थांबवू नका, बँकेचा या भांडणाशी संबंध नाही. आणि प्रकरण आयोगासमोर असताना, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय गाडी विकू नका.