लेह ते पोर्ट ब्लेअर: 2,937 की 1,586, आणि चार तास की बारा?

तुमचा प्रश्न असा: नागपूरहून निघून एकाच रजेत लेह आणि अंदमान करायचंय. लेह-पोर्ट ब्लेअर अंतर एका साईटवर 2,937 तर दुसरीवर 1,586 दिसतं, वेळ साधारण चार तास दाखवतात, पण तिकिटं दहा-बारा तासांच्या खाली मिळत नाहीत.

अंतराचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरमध्ये आहे, दुसरा नॉटिकल मैलात (1 नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किमी). अक्षांश-रेखांशावरून स्वतः मोजणार असाल तर लेहचे 34 अंश 8 मिनिटं म्हणजे 34.08 नव्हे, 34.13 (एका अंशात 60 मिनिटं). एवढ्यानेच सहा किलोमीटरची चूक होते.

पण त्या 2,937 च्या रेषेवरून विमान जातच नाही. ती लेहहून आग्नेयेला तिबेटवर शिरते, पश्चिम नेपाळ ओलांडते आणि बिहार-झारखंडवरून बंगालच्या उपसागरात उतरते. वाटेत हिमालय आडवा. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पाव तासच पुरतो. खाली त्याहून उंच डोंगर असतील तर उतरणार कुठे?

म्हणून खरा मार्ग दिल्लीवरून: लेह-दिल्ली 622 किमी आणि दिल्ली-पोर्ट ब्लेअर 2,484, एकूण 3,106. म्हणजे अंतर जेमतेम 170 किमीने वाढतं.

वेळेचा अंदाज असा काढा: अंतरात 7-8 टक्के वाढवा (विमान सरळ रेषेत उडत नाही), 800 ने भागा (ताशी 800 किमी वेग) आणि टॅक्सी (विमानाचं जमिनीवर चालणं), चढण, उतरण यांसाठी अर्धा तास मिळवा. नागपूर-दिल्ली 853 किमीचे 920 धरले तर सत्तर मिनिटं अधिक तीस, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दिल्लीचं तिकीट काढलंत की साधारण हाच वेळ दिसेल. याच हिशोबाने लेह-दिल्ली सव्वा ते दीड तास, दिल्ली-पोर्ट ब्लेअर पावणेचार ते चार. हिवाळ्यात उत्तर भारतावर वरच्या थरात पश्चिमेचा जोरदार वारा असतो, त्यामुळे दिल्लीहून पोर्ट ब्लेअरला जाताना वेळ वाचतो आणि परतताना तेवढाच जास्त लागतो.

उरलेले तास दिल्लीत जातात, आणि त्याचं मूळ लेहमध्ये आहे. विमानतळ 3,256 मीटरवर, हवा विरळ. ऊन चढलं की ती आणखी विरळ होते, मग विमानाला तेवढं वजन घेऊन उडता येत नाही. दुपारी दरीत वाराही सुटतो. म्हणून तिथली विमानं सकाळी असतात, आणि दिल्लीत पुढच्या विमानाची वाट पाहावी लागते. ढग किंवा बर्फामुळे फेरी रद्द झाली तर बहुतेकदा दुसऱ्या दिवसावर जाते.

तेव्हा दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि लेहचं विमान रद्द झालं, तर पुढच्या तिकिटाचे पैसे बुडू शकतात. माझ्या मते दिल्लीत एक रात्र काढणंच शहाणपणाचं. टर्मिनलही तपासा; 1 आणि 3 मध्ये गाडीनेच जावं लागतं. आणि बुकिंग करताना कोड नीट वाचा: लेह आयएक्सएल, पोर्ट ब्लेअर आयएक्सझेड. 2024 पासून शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.